अंगठ्यावरचा सूर

गिटारच्या तारा एकेका बोटाने छेडायला, म्हणजे फिंगरपिकिंग, शिकायला घेतलं की ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं समोर यायला फार दिवस लागत नाहीत. पुस्तक कुठलंही असो, शिकवणारा कुणीही असो, पहिल्या पाच-सहा गाण्यांत ती असतेच. टॅबच्या (कुठली तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लेखनाच्या) वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एलिझाबेथ कॉटन हे नाव, आणि खाली सूचना: अंगठ्याने जाड तारांवर बेस, म्हणजे खालच्या स्वरांचा ठेका, चालू ठेवा, तर्जनी आणि मधल्या बोटाने बारीक तारांवर चाल वाजवा. शिकणारा घासून घासून ते बोटांत बसवतो. मग कधीतरी मूळ बाई कशा वाजवत होत्या ते बघू या म्हणून साठच्या दशकातली एखादी कृष्णधवल चित्रफीत लावतो आणि पहिल्या दहा सेकंदांतच काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागतं. पिकल्या केसांच्या, शांत चेहऱ्याच्या एक आजी खुर्चीत ताठ बसल्या आहेत, गिटार उलटी धरली आहे, आणि डाव्या हाताचा अंगठा चाल वाजवतोय. बेस तर्जनीकडे आहे. पुस्तकात लिहिलंय त्याच्या नेमकं उलटं. शिकवणारे ज्या ढंगाला ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात, तो खुद्द कॉटनबाईंच्या हातात नव्हताच. ही गोष्ट मला बरीच वर्षं खुपत आली आहे. कारण नुसतं बोटांचं उलटसुलट असतं तर सोडून देता आलं असतं; इथे त्या उलटसुलटीतच सगळा नाद आहे.

आधी हातांचं गणित नीट मांडू. गिटार नेहमीसारखी धरली की सर्वांत जाड, सहावी तार छताकडे असते आणि सर्वांत बारीक, पहिली तार जमिनीकडे. छेडणारा हात उजवा. त्याचा अंगठा आपोआप सहाव्या, पाचव्या, चौथ्या तारेवर पडतो, बोटं तिसऱ्या, दुसऱ्या, पहिलीवर. डावखुऱ्या माणसापुढे दोन सरळ रस्ते असतात. एक, डावखुऱ्यांसाठी बनवलेली गिटार घ्यायची. दोन, साध्या गिटारच्या तारा काढून उलट्या क्रमाने चढवायच्या, जिमी हेंड्रिक्सने केलं तसं. कॉटनबाईंनी यातलं काहीच केलं नाही. उजव्या हाताच्या माणसाची गिटार तारांना हात न लावता तशीच फिरवून धरली. त्यामुळे बारीक तारा छताकडे आल्या, जाड तारा जमिनीकडे गेल्या, आणि डाव्या हाताचा अंगठा थेट पहिल्या-दुसऱ्या तारेवर येऊन बसला. तबल्यात डावखुरा वादक डग्ग्याची आणि दाय्याची जागा बदलतो आणि त्याचा कसबी हात पुन्हा दाय्यावरच पडतो. इथे जागा बदलल्या पण हाताची कामंही बदलली, म्हणजे ज्या बोटाने ठेका धरायचा त्याने गायचं ठरवलं आणि गाणाऱ्याने ठेका धरला.

हे वळण गिटारच्याही आधीचं, बँजोचं. भाऊ कामावर गेला की लहानगी एलिझाबेथ त्याचा बँजो घ्यायची. वाद्य भावाचं, तेव्हा तारा बदलायचा प्रश्नच नाही. पाच तारांच्या बँजोत पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते, आणि ती एकाच स्वरात सतत गुणगुणत राहते. रिवाजाप्रमाणे तिला अंगठा वाजवतो. बँजो उलटा धरला की ही तार सगळ्यात खाली, जमिनीच्या बाजूला जाते. तिथे अंगठा पोचत नाही, तर्जनी पोचते. म्हणजे ‘सतत चालणारी गोष्ट तर्जनीकडे, चाल अंगठ्याकडे’ ही वाटणी बँजोवरच झाली होती. गिटार हातात आली तेव्हा तर्जनीने आपलं जुनं काम तिथे चालू ठेवलं, इतकंच. शिकवायला कुणी असतं तर त्याने पहिल्याच दिवशी वाद्य सरळ करायला लावलं असतं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलला खेटून कारबरो नावाचं गाव आहे. रॅली-कॅरीकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना ते अर्ध्या तासाच्या अंतरावर असल्याने माहीत असेल. रुळांच्या कडेने जाणाऱ्या तिथल्या सायकलवाटेला आज लिबा कॉटन असं त्यांचंच नाव आहे; लिबा हे नंतर पडलेलं लाडकं नाव. १८९३च्या जानेवारीत त्या इथे जन्मल्या, नेव्हिल्स आडनावाच्या कष्टकरी काळ्या कुटुंबात. लहान वयातच पोरगी शाळा सोडून गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. पगार महिना पंचाहत्तर सेंट. साठवलेल्या पैशातून तिने स्टेला नावाची गिटार घेतली, किंमत पावणेचार डॉलर. हिशेब करून बघा: पाच महिन्यांचा अख्खा पगार, एक सेंटही खर्च न करता. स्टेला म्हणजे त्या काळची स्वस्तातली, साध्या लाकडाची गिटार. अमेरिकेच्या दक्षिणेत ब्लूज वाजवणाऱ्या कित्येकांच्या हाती आधी तीच आली, कारण परवडणारी तीच होती.

घराजवळून रेल्वे जायची. त्या गाडीवर तिने एक गाणं रचलं, ते हे ‘फ्रेट ट्रेन’. मालगाडी जोरात धावतेय, मी कुठल्या गाडीने गेले ते कुणाला सांगू नका, म्हणजे मी कुठे गेले ते कळणार नाही. आणि मेले की मला चेस्टनट स्ट्रीटच्या टोकाशी खोल पुरा, म्हणजे नऊ नंबरची गाडी जाताना मला ऐकू येईल. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात पळून जाणं आणि पुरलं जाणं इतकं शेजारी शेजारी का होतं, याचा अंदाज आपण दूरवर बसून करू नये असं मला वाटतं. पण गाणं म्हणताना लोक हमखास ते अंगाईसारखं संथ आणि उदास करतात, आणि तिथे मी अडतो. कॉटनबाईंच्या स्वतःच्या वाजवण्यात ते उदास नाही. गाडी वेळेवर निघालेली आहे, लय उड्या मारत चाललीय, आणि मरणाचं कडवंही त्याच लयीत, जराही न रेंगाळता निघून जातं.

गाण्याचा सांगाडा अगदी छोटा. सोळा बार (आपल्या विभागांसारखे मात्रांचे गट), चार कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे मेळ). सीमध्ये वाजवलं तर पहिले दोन बार सी, मग चार बार जी, दोन बार सी. तिथून दोन बार ई, दोन बार एफ, आणि शेवटचे चार सी, जी, सी, सी. यातला जीव आहे तो ई मेजरमध्ये. सीला आपला षड्ज मानला तर ई कॉर्डमध्ये कोमल धैवत येतो, आणि पुढच्या एफमध्ये शुद्ध धैवत. म्हणजे आतून पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत अशी अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढण होते. सारं गाणं पाच-सहा साध्या स्वरांत फिरत असताना तेवढ्या दोन बारांपुरता उजेड बदलतो. पुष्कळ जण तिथे ई ऐवजी ई मायनर धरतात. बोटाला सोपं जातं, कानाला फारसं खटकत नाही, आणि गाणं मेलेलं असतं.

बेस दोन-दोन तारांत डोलत राहतो. सी धरला असताना पाचव्या तारेची तिसरी पट्टी आणि चौथ्या तारेची दुसरी. जीला सहावीची तिसरी आणि मोकळी चौथी. ईला मोकळी सहावी आणि चौथीची दुसरी. एफला सहावीची पहिली आणि चौथीची तिसरी. दर ठोक्याला एक, थांबणं नाही. चाल त्याच्या वर, कधी ठोक्यावर तर कधी दोन ठोक्यांच्या मधोमध. शिकणाऱ्याची पहिली अडचण इथेच येते: मधला स्वर वाजवला की बेसही त्याच्यामागे घसरतो आणि अंगठा आणि बोटं एकच बोलू लागतात. यावर चाल सोडून नुसता बेस घ्यायचा, तो वाजवत वाजवत समोरच्याशी गप्पा मारता येईपर्यंत. गप्पा मारता येत नसतील तर चालीचा एकही स्वर त्यात घालू नये. दुसरी अडचण एफची. एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून पूर्ण ‘बार कॉर्ड’ धरायला गेलं की सीवरून तिथे पोचायला उशीर होतो आणि नेमका तिथेच बेस तुटतो. नव्या माणसाने सहावी तार सोडून द्यावी, चौथी आणि तिसरी या दोन तारांत डोलावं. बेस जरा वर सरकतो पण लय शाबूत राहते.

एवढं जमलं की गाणं ओळखू येतं. तरी ते कॉटनबाईंचं वाटत नाही, आणि याचं कारण पुन्हा अंगठा.

अंगठा हे हाताचं सर्वांत वजनदार बोट. त्याचा फटका वरून खाली, तारेत रुतून, मांसाने पडतो, म्हणून त्याचा स्वर गोल आणि भरीव. तर्जनी खालून वर तार उचलते; तिचा स्वर हलका, थोडा टोकदार, लवकर सुटणारा. नेहमीच्या पद्धतीत हे वजन बेसच्या वाट्याला येतं, बेस धपधपू लागतो, आणि तो आवरायला वादक तळहाताची कड ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या असतात तिथे, जाड तारांवर टेकवतो. पिडमाँट या आग्नेय अमेरिकेतल्या भागाच्या गिटार शैलीतला तो ओळखीचा ‘ठप्प-ठप्प’ आवाज असा येतो. कॉटनबाईंच्या उलट्या गिटारवर तळहाताची तीच कड बारीक तारांच्या बाजूला येते, जाड तारा तिच्यापासून लांब. त्यामुळे बेस दाबला जात नाही, मोकळा वाजतो, पण तर्जनीचा असल्याने जड होत नाही. आणि वर चाल अंगठ्याची: जाडसर, ठसठशीत, गाणाऱ्या माणसाच्या आवाजाइतकी अंग असलेली. ‘विल्सन रॅग’ ऐकताना हे सर्वांत स्वच्छ कळतं. रॅगटाइमची नाचरी चाल, मधेमधे पळणारे स्वर, आणि एकही स्वर बारीक तारेवरचा असून किरकिरत नाही.

आणखी एक गंमत कारागिरीची. आज एखाद्याला हा नाद हवा म्हणून तो साध्या गिटारवर तारा उलट्या क्रमाने चढवू गेला तर काय होतं? दांडीच्या टोकाशी तारा धरणाऱ्या पट्टीतल्या, नटमधल्या, खाचा त्या त्या तारेच्या जाडीला कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, वरच तरंगते. बारीक तार रुंद खाचेत खडखडते. खाली ब्रिजवरची हाडाची पट्टी किंचित तिरपी बसवलेली असते, जाड तारांची लांबी थोडी जास्त राहावी म्हणून. उलट्या क्रमात ती तिरप नेमकी चुकीच्या दिशेने जाते आणि वरच्या पट्ट्यांवर कॉर्ड बेसूर होतात. त्यासाठी नट बदलावा लागतो, पट्टी नव्याने बसवावी लागते. कॉटनबाईंनी तारा जागच्या हलवल्याच नाहीत, म्हणून यातलं काही बिघडलं नाही. प्रत्येक तार आपल्या खाचेत, सूर जिथल्या तिथे. न शिकलेल्या पोरीने काढलेला तोडगा वाद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक निघाला. त्रास झाला तो दाबणाऱ्या हाताला, कारण प्रत्येक कॉर्डचा आकार आरशात उलटा; पण ज्याने सरळ आकार कधी शिकलेच नाहीत त्याला उलटा कसला?

मग गिटार थांबली. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना ही ऐहिक गाणी पसंत नव्हती; देवाची सेवा करायची तर हे सोड, असं सांगण्यात आलं. सतराव्या वर्षी फ्रँक कॉटनशी लग्न झालं, लिली नावाची मुलगी झाली, आणि पुढची चाळीस-एक वर्षं चॅपल हिल, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा गावांत दुसऱ्यांच्या घरची धुणी-भांडी, स्वयंपाक, इस्त्री. या काळाबद्दल लिहिणारे झरझर पुढे जातात, कारण त्यांना दुकानाच्या प्रसंगापर्यंत पोचायचं असतं. तो प्रसंग असा: चाळीसच्या दशकात कॉटनबाई वॉशिंग्टनच्या लॅन्सबर्ग या मोठ्या दुकानात बाहुल्यांच्या विभागात कामाला होत्या. एक मुलगी आईपासून चुकली. त्यांनी ती शोधून आईकडे पोचवली. मुलगी पेगी सीगर, आई संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. बोलणं झालं, आणि काही दिवसांनी कॉटनबाई सीगरांच्या घरी कामाला लागल्या. ‘लिबा’ हे नाव त्या घरातल्या धाकट्या पेनीने पाडलं. स्वयंपाकघरात भिंतीवर गिटार टांगलेली असायची. एके दिवशी पेगीने बघितलं तर लिबा ती उलटी धरून वाजवत होत्या.

गोष्ट इतकी देखणी आहे की तिच्याबद्दल संशय घ्यायला जीव होत नाही, आणि संशय घ्यायचं कारणही नाही. पण ती कायम सीगरांच्या दारातून सांगितली जाते, याने मी थोडा अस्वस्थ होतो. रूथ त्या काळात लोकगीतांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून त्यांचं स्वरलेखन करत होत्या. त्यांचे पती चार्ल्स सीगर हे नावाजलेले संगीतशास्त्रज्ञ. मुलं त्याच गाण्यांवर वाढत होती. लांबच्या खेड्यांतून तबकडीवर आलेला प्रत्येक स्वर त्या घरी जिवापाड टिपला जात होता. आणि इस्त्री करणाऱ्या बाईंच्या बोटांत तसलीच, कुठेही न नोंदलेली गाणी होती. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. यात कुणाचा दोष काढायचा तर फार कष्ट पडतील, कारण पुढे याच मंडळींनी त्यांच्यासाठी खूप केलं. तरी ती भिंतीवरची गिटार तिथे नसती तर, हा विचार एकदा आला की जात नाही.

चाळीस वर्षांच्या खंडानंतर बोटं परत येतात का? हात ठेवून दिलेल्या कुठल्याही वादकाला विचारा: आधी लय येते, मग आकार, आणि सर्वांत शेवटी बोटांच्या टोकांवरचे घट्टे. तारा दाबून जो खडबडीतपणा आलेला असतो तो चार-सहा आठवड्यांत नाहीसा होतो. चाळीस वर्षांत तर काहीच उरत नाही. पण उलट्या बाजूने शिकलेला हात एका अर्थी सुरक्षित राहिला असावा असं मला वाटतं. मधल्या काळात रेडिओवर, रेकॉर्डवर कितीतरी गिटारवादक येऊन गेले. त्यांच्या बोटांची नक्कल त्या हाताला सहजी करताच आली नसती. त्यामुळे १९५७च्या सुमारास पेगीचा भाऊ माइक सीगर याने टेपरेकॉर्डर नेऊन कॉटनबाईंच्या घरी जे मुद्रित केलं, त्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातलं कारबरो बऱ्यापैकी जसंच्या तसं आहे. फोकवेज या कंपनीने १९५८ साली ते रेकॉर्ड काढलं. बाई पासष्ट वर्षांच्या होत्या. रेकॉर्ड आल्या आल्या घरकाम सुटलं, असं काही झालं नाही.

त्या रेकॉर्डच्या आधीच गाणं समुद्रापार पोचलं होतं, आणि तिथे काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पेगी सीगर इंग्लंडला गेली तेव्हा ‘फ्रेट ट्रेन’ तिच्याबरोबर गेली. तिथे स्किफलचं वेड होतं: दोन-तीन गिटार, धुण्याची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याचा बेस, आणि अमेरिकन लोकगीतं. चास मॅकडेव्हिटच्या ग्रुपने नॅन्सी व्हिस्कीच्या आवाजात १९५७ साली ते गाजवलं. खपाच्या ब्रिटिश यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. गीतकार म्हणून नावं लागली पॉल जेम्स आणि फ्रेड विल्यम्स. कारबरोत रुळांशेजारी गाणं रचणाऱ्या पोरीचं नाव कुठेच नाही. लोकगीत म्हणजे बेवारस माल, ज्याने आधी नोंद केली त्याचा, असा तेव्हा व्यवहार होता. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केला, तडजोड झाली, आणि कॉटनबाईंचं नाव गाण्याला लागलं. गाण्याच्या चाहत्यांना हा तपशील कंटाळवाणा वाटतो. वाटू दे. पंचाहत्तर सेंट पगाराचा हिशेब मांडला तर हाही मांडला पाहिजे.

१९६०मध्ये माइक सीगरबरोबर स्वार्थमोर कॉलेजात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला, १९६४मध्ये न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. तिथून पुढे जवळजवळ अखेरपर्यंत गाणं आणि प्रवास. रंगमंचावर त्यांची एक रीत होती: गाणं सुरू करण्याआधी ते कसं झालं ते सांगायचं, आणि मग श्रोत्यांना सोबत म्हणायला लावायचं. ‘ओ बेब, इट एन्ट नो लाय’ हे गाणं शेजारच्या एका बाईवर आहे. तिने लहानपणी एलिझाबेथची खोटी चहाडी केली आणि पोरीला आईकडून शिक्षा झाली. शिक्षा भोगताना पोरीने गाणं रचलं. ऐंशीच्या घरातल्या आजी ही तक्रार हसत हसत सांगत, पण गाण्यातून ती काढून टाकत नसत. १९६७च्या दुसऱ्या रेकॉर्डवरच्या ‘शेक शुगरी’ची गंमत वेगळी. घरातलं एकेक सामान सावकाराकडे गहाण पडत गेल्याची ती यादी आहे, आणि कडवी जुळवायला पतवंडं होती. गायलीय बारा वर्षांच्या ब्रेंडा इव्हान्सने; आजी मागे फक्त गिटार वाजवतात. त्या मुलीचा आवाज किंचित सपाट आहे, शब्दांच्या अर्थाचं ओझं तिने घेतलेलंच नाही, आणि म्हणून ते गहाणखत जास्त लागतं. मोठ्या गायकांनी नंतर हे गाणं पुष्कळ गायलं, नॉर्थ कॅरोलायनाच्याच रियानन गिडन्सचं तर फार सुरेख आहे. तरी मी ब्रेंडाकडेच परत जातो.

त्यांना ब्लूजची बाई म्हणावं का? दुकानदाराला फडताळावर चिठ्ठी लावायला ते सोयीचं आहे. नावात ब्लूज असलेल्या ‘वॉशिंग्टन ब्लूज’सारख्या चिजा आहेत, पण एकूण वाजवण्यात रॅगटाइम, चर्चची भजनं, नाचाच्या चाली आणि दिवाणखान्यातली गिटार यांचं मिश्रण जास्त. ‘व्हॅस्टोपोल’ घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री वॉरल नावाच्या शिक्षकाने ‘सेबास्तोपोल’ नावाची एक गत छापली होती. सुखवस्तू घरातल्या मुली ती वाजवायच्या. छापील कागदावरून ती गत निसटली, न वाचता येणाऱ्या बोटांत गेली, नाव घासून व्हॅस्टोपोल झालं, आणि तिचं ट्यूनिंग सगळ्या दक्षिणेत पसरलं. त्याच वॉरलच्या ‘स्पॅनिश फँडँगो’चं कॉटनबाईंकडे ‘स्पॅनिश फ्लँग डँग’ झालंय. पहिलीसाठी गिटार ओपन डीमध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतच डी कॉर्ड वाजेल अशी, लावायची: सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी, पाचवी आणि चौथी तशाच. दुसरीसाठी ओपन जी: सहावी आणि पहिली डीवर, पाचवी ए वरून जीवर. तार उतरवताना सरळ हव्या त्या स्वरावर थांबू नये. थोडं खाली जाऊन मग वर चढवून आणावं, नाहीतर खुंटीतली ढिलाई दोन मिनिटांत तार आणखी उतरवते. तारा फार बारीक असतील तर उतरवलेली सहावी पट्टीवर भणभणते. बारा-त्रेपन्नचा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच असेल तर चालून जातं.

याच राज्यातल्या एटा बेकर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. मॉर्गंटनकडच्या, कापड गिरणीतलं काम, मुलंबाळं आणि गिटार यांत आयुष्य गेलेल्या. एटा बेकर सरळ गिटार धरत, अंगठा बेसवर. दोघींचं वाजवणं पाठोपाठ ऐकलं की एकाच मातीतले दोन नाद कळतात: एटांचा बेस चालतो आणि चाल त्यावर नाचते, लिबांची चाल चालते आणि बेस तिच्याखाली उसळतो. पुरुष ब्लूजवाल्यांच्या याद्या पाठ असलेल्या मंडळींनी ही जोडी एकदा तरी ऐकावी.

आता ‘प्रभाव’ म्हणतात त्याकडे. पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने ‘फ्रेट ट्रेन’ गायली, जेरी गार्सियाने ‘ओ बेब’ आपल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या मैफलींत नेलं, बॉब डिलनने ते वाजवलं. पण मोठ्या नावांपेक्षा पुस्तकांतून आणि वर्गांतून झालेला प्रसार कितीतरी मोठा आहे. जगात कुठेतरी या क्षणी कुणीतरी सी कॉर्ड धरून डोलत्या बेसवर ती चाल बसवत असणार. आणि तो अंगठ्याने बेस वाजवत असणार. शिक्षकांनी केलं ते समजण्यासारखं आहे: सरळ गिटारवर दुसरा मार्ग नाही. माझी कुरकुर इतकीच आहे की बोटं बदलली तेव्हा वजनही बदललं, आणि ते कुणी सांगत नाही.

सरळ गिटारवरही ते वजन बरंचसं परत आणता येतं. तळहात ब्रिजवरून उचला, बेसला मोकळं वाजू द्या. अंगठा तारेत खोल घालू नका, कडेने निसटता स्पर्श पुरे. चालीसाठी तर्जनी नखाने न मारता मांसाने, आणि पहिल्या-दुसऱ्या तारेवर टेकव्या फटक्याने वाजवा, म्हणजे तार छेडून बोट शेजारच्या तारेवर विसावेल. स्वर लगेच जाडसर होतो. तिसऱ्या तारेवर मात्र हे करू नका: बोट चौथ्या तारेवर जाऊन टेकतं आणि तिथला बेसचा स्वर मरतो. तिथे मोकळा फटकाच द्यावा. मधलं बोट पूर्ण विसरा. कॉटनबाई बहुतेक वेळ दोनच बोटांत काम भागवत, आणि तर्जनीने चाल सलग वाजवली की स्वरांचा पोत एकसारखा राहतो. मग मोबाइलवर मुद्रण करून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ऐका. चाल आधी ऐकू आली पाहिजे, बेस नंतर लक्षात यावा. बहुतेकांचं पहिल्यांदा उलटं निघतं.

१९७८मध्ये त्या न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला राहायला गेल्या, गाण्याच्या पैशातून तिथे स्वतःचं घर घेतलं. १९८४मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, आणि पाठोपाठ अर्हुली कंपनीने काढलेल्या त्यांच्या प्रत्यक्ष मैफलींच्या रेकॉर्डला ग्रॅमी, नव्वदी ओलांडल्यावर. १९८७च्या जूनमध्ये त्या गेल्या. २०२२मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना आद्य प्रभावांच्या यादीत घेतलं. ते ग्रॅमीवालं रेकॉर्ड ऐकाल तर आवाज फाटलेला आहे, श्वास मध्येच तुटतो, कधी एखादी ओळ श्रोत्यांवर सोडून दिलेली आहे. गिटारही १९५८इतकी सफाईदार नाही. पळणारे स्वर कमी झालेत, काही ठिकाणी चाल अर्धी सांगून सोडलीय. बेस मात्र एकदाही चुकत नाही. उरलेलं बळ त्यांनी तर्जनीला दिलं, आणि निम्मी चाल लोकांच्या तोंडून वदवून घेतली.